धुराचा वास ओळखा, मग पाना उचला

बीएस-६ (भारत स्टेज-६ या प्रदूषणाच्या नियमात बसणारा) ट्रक नीट चालत असेल तर त्याच्या धुराला नाव घेण्यासारखा वास नसतो. गरम हवा येते, सकाळी थोडी वाफ दिसते, बस्स. म्हणून गाडीच्या मागे उभं राहिल्यावर डोळे चुरचुरले, घशाला काहीतरी लागलं, कच्च्या डिझेलचा भपकारा आला किंवा क्लिनर म्हणाला की मुतारीचा वास मारतोय, तर डॅशबोर्डवर दिवा लागायची वाट बघत बसू नका. दिवा उशिरा लागतो. तोवर हजारातलं काम लाखात गेलेलं असतं.

माझं गॅरेज वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलला लागून आहे. हात बसला तो मात्र कळंबोलीत, जुन्या सोळा-तेरा, म्हणजे टाटा १६१३, गाड्यांवर. तेव्हा चढाला गाडीने काळा धूर ओकला की मालक खूश व्हायचे, पंप फुल्ल बांधलाय म्हणून. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं आणि सगळा हिशेबच बदलला. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं. मोठ्या गाडीच्या नॉक्सची, म्हणजे नायट्रोजनच्या ऑक्साइडांची, मर्यादा किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅमवरून ०.४६ वर आली. एवढा फरक एकट्या इंजिनाला पाडता येत नाही, म्हणून सायलेन्सरच्या जागी तो मोठा जड डबा आला.

त्या डब्याबद्दल मालक लोकांचं ठरलेलं वाक्य असतं: "मिस्त्री, डबा चोक झालाय, काढून टाका." मला हे पटत नाही. डबा आपणहून क्वचित मरतो. पुढे डिझेलचं नोझल टपकतं, टर्बो तेल सोडतो, ईजीआर कूलर (परत इंजिनात जाणारा धूर थंड करणारा) फुटतो, नाहीतर गाडी दिवसभर न्यूट्रलवर घुरघुरत उभी असते, आणि त्या सगळ्याचा कचरा शेवटी डब्यात येऊन साठतो. डबा नवा टाकला आणि नोझल तसंच ठेवलं तर नवा डबाही त्याच वाटेने जाणार. पुढे नक्की काय बिघडलंय हे वासावरून बऱ्यापैकी कळतं, आणि त्याला लॅपटॉप लागत नाही.

आत काय आहे, थोडक्यात

इंजिनातून निघालेल्या धुराचा काही भाग ईजीआर कूलरमधून थंड होऊन परत इंजिनात जातो. बाकीचा टर्बो फिरवून मागे येतो. आधी लागतो डीओसी. ही प्लॅटिनमसारख्या महागड्या धातूचा मुलामा दिलेली जाळी. कच्चं डिझेल आणि कार्बन मोनॉक्साइड इथे जळतं. मग डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर. याच्या बारीक नळ्या एकाआड एक बंद केलेल्या असतात, त्यामुळे धुराला भिंतीतून पाझरून जावं लागतं आणि काजळी मागे राहते. त्यानंतर एक छोटं नोझल युरियाचं पाणी फवारतं, गरम धुरात त्याचा अमोनिया होतो, आणि पुढच्या एससीआर जाळीत हा अमोनिया नॉक्सला धरून त्याचं साधं नायट्रोजन आणि पाणी करतो. उरलासुरला अमोनिया जाळायला शेवटी आणखी एक छोटी जाळी. (या पाण्याच्या कॅनवर डीईएफ किंवा ॲडब्लू लिहिलेलं असतं, लाईनवर सगळे युरिया म्हणतात. मीही युरियाच म्हणणार.)

हे सगळं चालतं तापमानावर. धूर साधारण २०० अंशांच्या वर गेल्याशिवाय युरियाची फवारणी कामाची नाही, आणि डीपीएफमधली काजळी जाळायला ६०० अंशांच्या आसपास जावं लागतं. न्यूट्रलवर उभ्या गाडीचा धूर दीडशेच्याही खाली असतो. मुंबईच्या गाड्यांची अर्धी दुखणी या एका आकड्यात आहेत.

वास घ्यायची पद्धत

नाक सायलेन्सरच्या तोंडाला लावायचं नाही. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली पक्कं सांगितलेलं आहे, आणि कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. गाडी मोकळ्यावर लावा, शेडमध्ये नाही. वारा तुमच्या पाठीकडून गाडीकडे जाईल असं उभं राहा, दोन-तीन हात लांब, आणि हाताने थोडी हवा नाकाकडे ओढा. एक-दोन श्वास पुरे. तंबाखू मळून झाल्या झाल्या किंवा हाताला डिझेल लागलेलं असताना वास बघू नका, काही कळणार नाही.

दोनदा बघायचं. एकदा सकाळी पहिल्या स्टार्टला आणि एकदा गाडी लोडवर पळवून आणल्यावर. थंड गाडी थोडा वास मारेल, कारण जाळ्या अजून तापलेल्या नसतात. पण आपल्याकडे थंडी ती कसली. डिसेंबरातसुद्धा मुंबईत गाडी पाच-दहा किलोमीटर चालली की वास जायला हवा. गरम गाडीला वास आला तर तो खरा.

शिवाय गाडी बंद आणि गार असताना एक पांढरं फडकं सायलेन्सरच्या तोंडात आतून फिरवा. बीएस-६ गाडीचं फडकं करडं किंवा जवळजवळ स्वच्छ निघायला हवं. काळं कुळकुळीत निघालं तर डीपीएफ आतून तडकलाय किंवा कोणीतरी आधीच काढून डबा पोकळ केलाय. जुनी बीएस-६ गाडी विकत घेताना ही पहिली तपासणी करा. कागदपत्रं नंतर बघा.

कुठला वास कशाचा

कच्च्या डिझेलचा वास आणि सोबत पांढुरका धूर, म्हणजे डिझेल न जळता बाहेर येतंय. आधी नोझल तपासायची. इंजेक्टर टपकत असेल तर एका सिलिंडरचा ठोका वेगळा लागतो. पण बीएस-६ मध्ये थोडं टपकलेलं डिझेल डीओसी जाळून टाकतो, त्यामुळे बाहेर वास येतोय याचा अर्थ डीओसीसुद्धा थकलाय किंवा काजळीने झाकला गेलाय. अशा गाडीची ऑईलची दांडी लगेच काढून बघा. डीपीएफ साफ करायला काही इंजिनं सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल मारतात, आणि ते भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरतं. दांडीवर ऑईल खुणेच्या वर गेलं असेल आणि बोटाला डिझेलचा वास येत असेल तर गाडी चालवू नका. ऑईल पातळ झालेलं आहे, बेअरिंग जाईल. "ऑईल कमी होत नाही, उलट वाढतंय" असं खुशीत सांगणारे ड्रायव्हर मला भेटतात, तेव्हा मी आधी दांडी मागतो.

जळक्या तेलाचा वास आला तर टर्बो. जुन्या गाडीत निळा धूर दिसायचा, इथे डीओसी तो बराचसा खाऊन टाकतो आणि फक्त वास उरतो, तोही थंड गाडीला. टर्बोला लागलेला हवेचा होज काढून आत बोट फिरवा. थोडा तेलकट ओलावा चालतो, पण तेल साचलेलं असेल तर टर्बोचा सील गेलाय. असं जळलेलं तेल डीपीएफमध्ये राख होऊन बसतं. काजळी जाळता येते, राख जळत नाही; ती डबा उतरवूनच काढावी लागते. म्हणूनच बीएस-६ गाडीत कमी राखेचं ऑईल लागतं. ऑईलच्या डब्यावर सीके-४ किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेला दर्जा बघून घ्या. बीएस-४ साठी आणलेल्या बॅरलमधलंच ओतलं तर गाडी चालेल, डीपीएफ लवकर भरेल.

गोडसर वास आणि पांढरा धूर म्हणजे कूलंट. बाहेर कुठे थेंब नाही आणि टाकीत पाणी मात्र कमी होतंय, अशी गाडी आली की मी ईजीआर कूलर धरतो. प्रेशर टेस्ट करून घ्या. पाणी ओतत ओतत पुण्याला जाऊन येतो म्हणू नका, ते कूलंट थेट डब्यात जातंय.

सडक्या अंड्याचा वास म्हणजे गंधक, आणि गंधक म्हणजे डिझेल. नेहमीच्या पंपाचं डिझेल १० पीपीएमचं असतं, त्याला हा वास येत नाही. बॅरलमधून मिळालेलं, बिलाशिवायचं, लिटरमागे पाच-सात रुपये स्वस्त असं काही भरलंय का, हे ड्रायव्हरला एकांतात विचारा. मालकासमोर खरं उत्तर मिळणार नाही.

डोळे चुरचुरतात, नाकात झोंबतं, पण धूर मात्र अजिबात दिसत नाही, हा नॉक्सचा मामला. डीओसी आपल्या कामाचा भाग म्हणून नायट्रोजन डायऑक्साइड तयार करतोच, तो पुढे एससीआरने संपवायचा असतो. युरिया फवारलाच जात नसेल तर तो तसाच बाहेर येतो. इथे युरियाचा खप बघा. डिझेलच्या साधारण ३ ते ६ टक्के युरिया लागतो. म्हणजे ३०० लिटर डिझेल जळालं आणि युरियाची टाकी हललीच नाही, तर फवारणी बंद आहे. "गाडी युरिया वाचवते" असं काही नसतं.

करपल्याचा, तापलेल्या लोखंडाचा वास आणि सोबत जास्त तापमानाचा दिवा, तर घाबरू नका. रिजन चाललंय, काजळी जळतेय. फक्त तेव्हा गाडी कुठे उभी आहे ते बघा. त्यावर पुढे बोलतो.

आणि धुराचा वास केबिनमध्ये येत असेल तर तो वरच्या कुठल्याच यादीत बसत नाही. गळती डब्याच्या आधी आहे: मॅनिफोल्डचं गॅसकिट, टर्बोपुढचा लवचीक पाइप किंवा एखादा क्लॅम्प. जोडावर काजळीचा काळा फराटा दिसतो, तिथेच शोधा. केबिनमध्ये एसी लावून, इंजिन चालू ठेवून झोपायची सवय असेल तर हे काम उद्यावर टाकू नका. वास येणाऱ्या धुराबरोबर वास न येणारा कार्बन मोनॉक्साइड आत येत असतो.

मुतारीचा वास, म्हणजे युरियाचं प्रकरण

यावर जरा थांबतो, कारण माझ्याकडे सगळ्यात जास्त गाड्या याच्याच येतात.

गेल्या पावसाळ्यात एक ट्रेलर आला, न्हावा-शेवाच्या लाईनवर चालणारा. ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, माहुलला गाडी उभी केली तेव्हा मला वाटलं कारखान्याचाच वास आहे. घरी पनवेलला गेलो तरी तोच." नोझलचा क्लॅम्प सोडला, नोझल बाहेर काढलं. टोकावर पांढरा खडा जमलेला, बोराएवढा, आणि पाइपच्या आत भिंतीवर पिवळट कडक थर. हे कसं झालं ते त्याच्या दिवसावरूनच कळत होतं. कंटेनरसाठी गेटबाहेर तासन् तास रांग, गाडी न्यूट्रलवर चालू, दहा फूट पुढे, परत उभी. धूर गार. त्यात पडलेला युरिया पूर्ण अमोनिया न होता पाइपला चिकटत गेला. मग रांग सुटून गाडी लोडवर पळाली, पाइप तापला, आणि साठलेला सगळा थर एकदम अमोनिया होऊन उडायला लागला. वास तेव्हाच सुटतो.

पांढरा भुसभुशीत खडा कोमट पाण्यात विरघळतो. बादलीत नोझलचं टोक धरायचं आणि मऊ ब्रशने हलक्या हाताने साफ करायचं. तारेचा ब्रश, पोकरनी टोचणं बंद. छिद्राचा आकार बदलला की फवारा बिघडला. पिवळट किंवा तपकिरी कडक थर मात्र पाण्याला दाद देत नाही, तो तापवूनच जातो. तो पाइपभर असेल तर सर्व्हिस सेंटरला लॅपटॉपने रिजन मारून घ्या.

नोझल साफ असूनही वास येत असेल तर मागचा नॉक्स सेन्सर. याची एक गंमत आहे. हा सेन्सर अमोनियालाही नॉक्सच समजतो. थोडा अमोनिया सुटला की तो नॉक्स वाढल्याचं कळवतो, कंट्रोलर (गाडीचा कंप्युटर) काही वेळा आणखी युरिया मारतो, अमोनिया आणखी सुटतो. स्कॅनरवर नॉक्स जास्त दिसतंय आणि नाकाला अमोनिया येतोय, या दोन गोष्टी एकत्र असतील तर कोणी लगेच एससीआरचा डबा बदलायला सांगितला तरी थांबा. आधी युरियाची शुद्धता, मग नोझल, मग सेन्सर, डबा सगळ्यात शेवटी.

शुद्धतेसाठी रिफ्रॅक्टोमीटर घ्या. पेनाएवढं यंत्र आहे, काचेवर थेंब टाकून उजेडाकडे धरायचं. आकडा ३२.५ टक्क्यांच्या आसपास हवा, मानकात ३१.८ ते ३३.२ चालतं. युरियाचा डबा सीलबंद, आयएसओ २२२४१ लिहिलेला, आणि तारीख बघून घ्या. युरिया उन्हात खराब होतो. २५ अंशांखाली ठेवला तर दीड वर्ष टिकतो, ३५ अंशांना सहाच महिने. गॅरेजच्या पत्र्याखाली मे महिन्यात काय होत असेल त्याचा विचार करा आणि मोठा साठा करू नका.

आता घरगुती युरियाबद्दल. गावाकडून येताना शेतीच्या युरियाची गोणी आणायची, पाण्यात विरघळवायची आणि गाळून भरायची, ही युक्ती मला अजून लोक विचारतात. शेतीचा युरिया २०१५ पासून नीमकोटेड असतो. ते कडुनिंबाचं तेल गाळण्याने जात नाही, ते जाळीवर जाऊन बसतं. शिवाय त्यात बाययुरेट नावाचा भाग जास्त असतो आणि त्याचेच ते कडक थर होतात. वर हा अनुदानाचा माल, गाडीत वापरणं गुन्हा आहे. आणि पाणी? महापालिकेचं पाणी प्यायला उत्तम, पण त्यातला चुना नोझलला आणि जाळीला चालत नाही. बाटलीबंद पाणीसुद्धा चालत नाही, त्यात क्षार असतातच. भरताना वापरायचं नरसाळंही वेगळं ठेवा, ऑईलचं नको.

युरियाच्या टाकीत चुकून डिझेल गेलं तर, आणि हे रात्री पंपावर होतं, चावी फिरवूच नका. डिझेल वर तरंगतं. गाडी चालू केली नाही तर टाकी उतरवून, धुऊन भागू शकतं. चालू केली की पंप ते ओढतो, रबरी सील फुगतात आणि पंपापासून नोझलपर्यंत सगळं बदलायची वेळ येते.

आणखी एक सवय, जी मी प्रत्येक ड्रायव्हरला सांगतो आणि निम्मे विसरतात. चावी बंद केल्यावर पंप पाइपमधला युरिया परत टाकीत ओढून घेतो. मिनिट-दोन मिनिटं मागून बारीक घुं घुं आवाज येतो. तो थांबेपर्यंत बॅटरीचा मेन स्विच पाडायचा नाही. चोरीच्या भीतीने लोक उतरता उतरता स्विच पाडतात, युरिया पाइपमध्ये राहतो, सुकतो, आणि दोन दिवसांनी पंप चोक.

काजळी कुठे जाळायची

वडाळा ते भिवंडी, भिवंडी ते तुर्भे, तुर्भे ते डॉक, अशीच चालणारी गाडी डीपीएफला आपणहून साफ व्हायची संधीच देत नाही. लांब पल्ल्याच्या गाडीला हा त्रास कमी. लोड घेऊन बोरघाट किंवा कसारा चढणाऱ्या गाडीचा धूर आपोआप तापतो आणि काजळी चालता चालता जळते. शहरातल्या गाडीला आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास हायवेवर, लोडसकट, वरच्या आरपीएमवर एकसारखी चालवायला द्या. रात्रीची फेरी असेल तर उत्तम, दिवसा कुठे मिळतोय मोकळा रस्ता.

डीपीएफचा दिवा लागला तर त्याच दिवशी ऐका. स्थिर दिवा असेल तर हायवेवर पळवून बघा. लुकलुकायला लागला तर गाडी उभी करून बटणाने रिजन मारा. हँडब्रेक, न्यूट्रल, इंजिन गरम, टाकीत पुरेसं डिझेल. अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात बंद केलं तर अर्धवट जळलेली काजळी आणि ऑईलमध्ये उतरलेलं डिझेल, दोन्ही तुमच्या वाट्याला.

जागा निवडताना डोकं वापरा. धूर शेकडो अंशांवर असतो. उरण रोडच्या कडेला वाळलेल्या गवतात नाही, भिवंडीत कापडाच्या गाठींसमोर नाही, माहुल-शिवडीच्या तेलाच्या डेपोत तर अजिबात नाही. टँकर चालवत असाल तर डेपोत शिरायच्या आधी रिजन रोखायचं बटण दाबा, आणि बाहेर पडल्यावर आठवणीने सोडा. ते सोडायचं राहिलं म्हणून चोक झालेले डबे मी बघितलेत.

डबा उतरवून साफ करायचा असेल तर गरम भट्टी आणि उलट्या दिशेने हवा मारणारी मशीन असलेल्या ठिकाणीच द्या. ॲसिडमध्ये बुडवणारे, प्रेशर वॉशरने धुणारे स्वस्तात करून देतात. आतली जाळी चिनीमातीच्या जातीची, मुलामा निघतो, तडा जातो. फडक्याच्या तपासणीत मग ते काळं दिसतं.

पावसाळ्यात अजून एक गोष्ट. हिंदमाता, किंग्ज सर्कल, अँटॉप हिलच्या पाण्यातून गाडी काढली की दुसऱ्या दिवशी नॉक्स सेन्सर आणि युरिया पंपाचे कपलर, म्हणजे वायरींचे जोड, खोलून बघा. हिरवा गंज चढला असेल तर आधी कपलर साफ करा, मग सेन्सरचा भाव विचारा. समुद्राकाठच्या गाड्यांना पाऊस नसतानाही हे होतं.

काढून टाका म्हणणाऱ्यांसाठी

डबा पोकळ करून, कंट्रोलरला खोटे आकडे दाखवणारी डबी लावून देणारे आहेत. काय मिळतं ते बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली प्रदूषणाचे नियम मोडले तर १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि ड्रायव्हरचं लायसन तीन महिने जातं. लायसन मालकाचं नाही, ड्रायव्हरचं, हे ड्रायव्हर दादांनी लक्षात ठेवावं. काढलेल्या डब्यातला प्लॅटिनम कोणाच्या खिशात गेला, हेही एकदा त्या मिस्त्रीला विचारा.

"पण पीयूसी तर पास होते," हे मी रोज ऐकतो. पीयूसीत डिझेल गाडीची फक्त धुराची घनता मोजतात, ॲक्सिलरेटर झटक्यात दाबून. बीएस-४ ला मर्यादा १.६२, बीएस-६ ला ०.७. नॉक्स तिथे मोजतच नाहीत. युरिया पूर्ण बंद असलेली गाडीही पीयूसीला पास होऊ शकते, त्यामुळे ते सर्टिफिकेट एससीआर ठीक असल्याचा पुरावा नव्हे. गाडीचा स्वतःचा कंट्रोलर मात्र सोडत नाही. युरिया संपला किंवा भलताच भरला तर तो आधी ताकद कापतो, आणि तरीही ऐकलं नाही तर गाडी ताशी २० किलोमीटरवर आणून ठेवतो. सायन-पनवेलवर २० च्या वेगाने ट्रेलर नेऊन बघा, मागचे काय काय बोलतात.

मिस्त्रीकडे येताना

एवढं लिहून आणा, मोबाइलमध्ये फोटो काढून आणलं तरी चालेल: वास कसला, थंड गाडीला की गरम, रिकामी की लोडवर, उभी असताना की चढाला. कुठला दिवा, कुठल्या रंगाचा, स्थिर की लुकलुकता. शेवटचं डिझेल आणि युरिया कुठे, किती भरला. ऑईलची दांडी आणि कूलंटची टाकी काय सांगते. रिजन शेवटचं कधी झालं, आणि अर्ध्यात कोणी बंद केलं का.

आणि रस्त्यात कोणाकडून स्कॅनर लावून कोड पुसून आणू नका. पुसलेल्या कोडबरोबर तो कधी, किती गरम असताना, किती वेगाला आला ही नोंदही जाते. मग मला दिवा परत लागेपर्यंत तुमची गाडी फिरवत बसावी लागते, डिझेल तुमचंच जळतं, आणि त्या फेऱ्यांचे पैसे मी बिलात लावतो.